हरायला तरी तीन सामने द्या

वादाला निमित्त झालं एका पत्राचं. ताईच्या लेकीची शाळेच्या १४ वर्षांखालील खो-खो संघात निवड झाली होती. सराव रोज सकाळी साडेपाच ते साडेसात, शनिवार-रविवार दोन्ही वेळा, पालकांनी संमतिपत्रावर सही करून पाठवावं, असा मजकूर. पोरगी सातवीत आहे. ताई फिजिओथेरपिस्ट, गुडघे आणि खांदे धरून येणारी शाळकरी मुलं ती रोज बघते. मामा सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक होते. निवृत्त झाले, पण समोरच्या माणसाला रांगेत उभं करून बोलण्याची सवय काही सुटलेली नाही. दोघं एकाच घरात आणि पत्र टेबलावर, म्हटल्यावर व्हायचं ते झालंच. मी मध्ये बसून ऐकत होतो. जे ऐकलं ते थोडी काटछाट करून देतो. काटछाट मुख्यतः मामांच्या बोलण्याची, कारण शिक्षक एकच मुद्दा तीनदा सांगतात.

ताई : मामा, मी सही करणार नाहीये. तिनं खेळू नये असं नाही माझं. संध्याकाळी सोसायटीत खेळते, सायकल चालवते, सुट्टीत पोहायला जाते. पण हे सिलेक्शन, कॅम्प, डिस्ट्रिक्ट सुरू झालं ना, की खेळ संपतो आणि नोकरी सुरू होते. बाराव्या वर्षी कशाला?

मामा : सोसायटीत रोज किती वेळ खेळते?

ताई : तासभर तरी.

मामा : पाऊस असला की? चाचणी परीक्षा असली की? वरच्या मजल्यावरची मैत्रीण आजोळी गेली की?

ताई : नाही जात मग. पण म्हणून...

मामा : म्हणून काही नाही. मी फक्त हजेरी घेतोय.

ताई : हजेरीचंच म्हणाल तर आकडे मलाही माहीत आहेत. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं चांगली धाप लागेल अशी हालचाल करावी. २०१६ पर्यंतची जगभरची आकडेवारी काढली, तर ११ ते १७ वयाच्या शंभरातल्या ८१ मुलांना ते जमत नाही. मुलींमध्ये तर ८५. पण याचा इलाज मोकळा खेळ आहे. स्पर्धा कशाला हवी मध्ये?

मामा : कारण मोकळ्या खेळाला शाळेत वाली नाही. तीस वर्षं वेळापत्रक बघितलंय मी. पीटीचा तास कागदावर असतो. डिसेंबर आला की गणिताच्या बाई दारात येऊन गोड बोलतात, "सर, आजचा तास देता का? भूमितीचा पोर्शन राहिलाय." मुख्याध्यापकही त्यांच्याच बाजूचे. पण तालुका स्पर्धेचं पत्र आलं, की तेच मुख्याध्यापक विचारतात, "सर, सराव कधी सुरू करताय? मैदानावर रोलर फिरवून घ्या." चुना येतो, नवी जर्सी येते, गवत निघतं. स्पर्धा आहे म्हणून मैदान आहे, बाई. नाहीतर तिथं कधीच पार्किंग झालं असतं.

ताई : आणि ते मैदान मिळतं किती जणींना? शाळेत मुली असतील पाचशे-सहाशे. संघात बारा. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. शंभरातल्या ८५ मुली हलत नाहीत म्हटलं ना मी, तर त्या या बारांमध्ये नाहीत. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत आहेत.

हा टोला बसला. मामांनी चष्मा पुसला. मुद्दा सुचत नसला की ते चष्मा पुसतात, हे आम्हा भाचरांना लहानपणापासून माहीत आहे.

मामा : बरं, ते नंतर बघू. तू खो-खो कधी नीट बघितलायस? आठ जणी मधल्या पाटीवर ओळीनं बसतात, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. नववी पाठलाग करते. पळणारीला वाट्टेल तशी वळायची मुभा, आठांच्या मधून घुसायची मुभा. पाठलाग करणारीला मात्र एक दिशा घेतली की मागं फिरता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. ज्या बाजूला उठली ती बाजू तिची. बाजू बदलायची तर खांबापर्यंत जायचं, नाहीतर बसलेल्या मुलीला मागून हात लावून 'खो' द्यायचा आणि आपण तिच्या जागी गप बसायचं. म्हणजे तू वाघिणीसारखी पळत असशील, गडी हातभर पुढं असेल, तरी अचूक क्षणी खो देऊन तुला थांबावं लागतं. गडी मारणार दुसरीच, आणि टाळी तिला. ही गोष्ट बारा वर्षांच्या पोरीला सोसायटीत कोण शिकवणार? तिथं चेंडू जिचा, बॅटिंग तिची.

ताई : हे सगळं सरावातही शिकता येतं. गुण मोजायची काय गरज?

मामा : गुण मोजले नाहीत तर खो कोणीच देत नाही. करून बघ. गंमत म्हणून खेळायला लावलं, की प्रत्येकीला स्वतः पळायचं असतं. समोर दुसऱ्या शाळेचा संघ आला, घड्याळ चालू झालं, की पहिल्या दोन मिनिटांत त्यांचं त्यांना कळतं, की एकटीनं होत नाही. मी सांगून कळत नाही ते.

इथं माझं मत मामांच्या बाजूला झुकलं, हे सांगून टाकतो. स्पर्धेनं 'खिलाडूवृत्ती वाढते' वगैरे वाक्यं क्रीडा महोत्सवाच्या उद्घाटनात इतक्यांदा ऐकली आहेत, की कान आपोआप बंद होतात. पण समोर खरा प्रतिस्पर्धी आला की एकमेकांची गरज कळते, हे त्यांचं म्हणणं बाष्कळ नव्हतं. ताई मात्र दवाखान्यातून आली होती, भाषण ऐकायला नव्हे.

ताई : आता माझं ऐका. दहा ते पंधरा वयात हाडं झपाट्यानं वाढतात, स्नायू मागं पडतात. मांडीचा पुढचा मोठा स्नायू वाटीखाली नडगीच्या हाडाला जिथं चिकटतो, तिथलं हाड अजून कच्चं असतं. रोज उकिडवं बसून झटक्यात उठायचं, ब्रेक मारायचा, खांबाला धरून वळायचं, सूर मारायचा. त्या जागी ओढ बसून बसून टेंगूळ येतं. ऑसगूड-श्लॅटर म्हणतात त्याला. बहुतेकांचं वाढ पूर्ण झाली की थांबतं, पण तोवर पोर जिना उतरताना रडतं. माझ्याकडे येतात ना, त्यांना मी आधी एकच विचारते, आठवड्यात सुट्टी किती? उत्तर ठरलेलं, "सर सुट्टी देत नाहीत." अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची अकादमी सांगते, आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती, वर्षात मिळून तीन महिने त्या खेळापासून लांब, आणि एकाच खेळाला वाहून घ्यायचं ते शक्यतो पंधरा-सोळाच्या पुढं. या पत्रात बघा. शनिवार-रविवार दोन वेळा. सुट्टी कुठाय?

मामा : (पत्र हातात घेऊन) हे चूक आहे. हे कोणा नवशिक्यानं लिहिलंय. आमच्याकडे सोमवारी मैदानाला कुलूप असायचं.

ताई : आणि स्वप्निल कुसाळेचं उदाहरण आता देऊ नका.

मामा : का देऊ नको? राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी. २००९ साली क्रीडा प्रबोधिनीत गेला, तेव्हा जेमतेम चौदाचा. २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य. लहानपणी कोणी पारखलं नसतं, तर हे झालं असतं?

ताई : मग माझं घ्या. अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातलं मांडवा. लहानपणी शाळेत जायला काही किलोमीटर चालायचा, पळायचा, त्याला कोणी सराव म्हणत नव्हतं. बारावीनंतर सैन्यात गेला आणि स्पर्धेत धावायला लागला तो तिथं. २०२२ ला राष्ट्रकुलचं रौप्य, पुढच्या वर्षी हांगझोऊला आशियाई सुवर्ण. त्याला चौदाखालचा कॅम्प कुठं लागला?

खरं तर ही दोन्ही उदाहरणं या वादात फारशी कामाची नाहीत, असं मी मध्ये म्हटलं. लाखातल्या एकाकडे बघून उरलेल्यांचं वेळापत्रक ठरत नाही. दोघांनीही माझ्याकडे दुर्लक्ष केलं. पण ताईनं गाडी नेली ती मात्र वेगळ्याच रुळावर.

ताई : जिंकणाऱ्याचं सोडा. कल्याणची ती मॅच आठवते? जानेवारी २०१६. प्रणव धनावडे, नाबाद १००९. शालेय सामना, सोळा वर्षांखालचा. सगळ्या जगात बातमी. त्याच्या संघाचे ३ बाद १४६५. समोरच्या शाळेच्या दोन डावांत मिळून ८३ धावा, पहिल्या डावात ३१ आणि दुसऱ्यात ५२. त्या संघातली बरीच पोरं वयानं खूपच लहान होती. दोन दिवस ती गोलंदाजी करत होती, सीमारेषेवरून चेंडू आणत होती. त्यांना त्या स्पर्धेचा काय फायदा झाला, सांगा.

मामा : तो सामना थांबवायला हवा होता. मोठ्यांची चूक.

ताई : आणि प्रणवला तरी काय मिळालं? मुंबई क्रिकेट असोसिएशननं महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली. पुढं त्याच्या धावा होईनात. दडपण इतकं, की २०१७ मध्ये वडिलांनीच पत्र लिहून ती बंद करा म्हणून कळवलं. पंधराव्या वर्षी नायक, सतराव्या वर्षी अपयशी.

मामा : त्यात पोराचा दोष नाही.

ताई : मी तेच म्हणतेय. खेळाचाही नाही.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग एकदम बोलले ते भलत्याच टोकाला जाऊन.

मामा : तू पुण्यात राहतेस. आमच्या भागात आठवी-नववीत पोरगी मैदानावरून गायब होते. आई म्हणते, मोठी झाली, आता हाफपँट नको. शेजारचे म्हणतात, संध्याकाळची कुठं जाते? तिला बाहेर काढणारा कागद एकच. शाळेचा शिक्का मारलेलं स्पर्धेचं पत्र. "जिल्हास्तरासाठी निवड झाली आहे, मुक्काम दोन रात्री, सोबत शिक्षिका आहेत." बापाला आधी नको असतं, पण गावात नाव झालेलं असतं, म्हणून नाही म्हणवत नाही. त्या दोन रात्रींत ती पोरगी पहिल्यांदा एसटीनं आईबापाशिवाय जाते, स्वतःची बॅग स्वतः भरते. 'मोकळा खेळ' म्हणतेस, तो मोकळेपणा तिला कोण देणार? २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० हरवलं. कर्णधार पुण्याची, प्रियांका इंगळे. पुरुषांचाही कर्णधार पुण्याचाच, प्रतीक वाईकर. दुसऱ्या दिवशी माझ्या जुन्या शाळेत तिसरीतल्या पोरी पाट्या आखत होत्या. आता त्या पोरींना सांगू का, की पंधरापर्यंत थांबा?

ताई : थांबा नाही म्हणत मी. नॉर्वेसारखं करा म्हणते. तिथं लहान मुलांच्या खेळाचे हक्क लिहून ठेवलेत. अकरा वर्षांच्या आत निकालांचे तक्ते, क्रमांक लावत नाहीत. तेरापर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. आणि हा देश नाशिक जिल्ह्यापेक्षा कमी लोकसंख्येचा. २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णपदकं, सगळ्यांत जास्त.

मामा : सामने खेळतात की नाही ती पोरं?

ताई : खेळतात. सहाव्या वर्षापासून. आपल्या क्लबात, आसपासच्या गावांत.

मामा : म्हणजे स्पर्धा आहे! फक्त दिल्लीला नेत नाहीत आणि पेपरात छापत नाहीत.

ताई : हो, असं म्हणा हवं तर.

मामा : मग आपण भांडतोय कशावर?

हा प्रश्न त्यांनी वाद मिटवायला विचारला असावा. पण मला वाटतं खरी गोष्ट तिथून पुढं सुरू झाली, आणि तीही ताईच्या एका साध्या चौकशीनं.

ताई : मामा, गेल्या वर्षी या शाळेचा संघ किती सामने खेळला, लेकीला विचारलं मी. एक. पहिल्याच फेरीत हरले. दोन महिने पहाटे उठायचं. स्पर्धेच्या दिवशी सकाळी आठला मैदानावर हजर, उद्घाटनाला पाहुणे अकराला, सामना दुपारी दोनला. उन्हात बसून वडापाव खाल्ला, खेळल्या तासभर, संपलं वर्ष. आणि त्यातही खो-खोत पळायला तीन-तीनच्या तुकड्या जातात ना? पहिल्या दोन तुकड्यांनी वेळ काढला, तर तिसऱ्या तुकडीतली पोर पळलीच नाही. बारांतल्या तिघी तर राखीव. तुम्ही म्हणता स्पर्धा हरायला शिकवते. एकदाच हरून घरी पाठवलं, तर पोर काय शिकते? आपण वाईट आहोत, एवढंच.

मामांनी तेच संमतिपत्र उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेननं आकडे मांडायला घेतले.

मामा : थांब. समज तालुक्यात सोळा संघ. बाद पद्धत. एकूण सामने पंधरा. आठ शाळा एक सामना खेळून घरी. चार शाळा दोन सामन्यांत. म्हणजे सोळातल्या बारा शाळांचं दुपारपर्यंत आटोपलं. आता साखळी कर. चार गट, गटात चार. प्रत्येक गटाचे सहा, म्हणजे चोवीस. गटविजेत्यांचे दोन उपांत्य आणि एक अंतिम. सत्तावीस. पंधराच्या जागी सत्तावीस, आणि सगळ्यांत कच्च्या संघालाही तीन सामने.

ताई : मग बाद पद्धत घेता का?

मामा : दोन दिवसांत उरकायचं असतं. चौदा, सतरा, एकोणीस असे तीन वयोगट, मुलं आणि मुली. मैदान एक, पंच चार, शाळा बंद ठेवता येत नाही. खालून नाव वर पाठवायचं असतं, त्यासाठी एकच संघ लागतो. बाद पद्धत विजेता शोधायला उत्तम. पोरं खेळवायला निकामी.

इतकं स्पष्ट वाक्य मी मामांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. आपल्या शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात. प्रत्येक पायरीवर शंभरातले निम्म्याहून जास्त गळतात, आणि सगळी व्यवस्था वर पोचणाऱ्यांसाठी बांधलेली. दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत आहे, जास्तीत जास्त २५. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. दोन्ही चांगल्याच गोष्टी. पण त्यांच्या मोहानं काय काय होतं, ते मामाच सांगत होते. जन्मतारखा सरकतात. ज्या खेळात जिल्ह्यात तीनच संघ आहेत तो खेळ अचानक लोकप्रिय होतो. आणि शिक्षक बारांतल्या नऊ 'मोठ्या' मुलींनाच खेळवतो. त्यावर ताईनं आणखी एक सांगितलं. वयाची अट १ जानेवारीला धरली, तर जानेवारीत जन्मलेली आणि डिसेंबरात जन्मलेली मुलगी एकाच गटात येतात. बाराव्या वर्षी अकरा महिन्यांचं अंतर म्हणजे उंचीत, पल्ल्यात डोळ्यांना दिसणारा फरक. बाद पद्धतीत शिक्षक जोखीम घेत नाही, डिसेंबरची पोर राखीव बसते. सतराव्या वर्षी ती कदाचित सरस निघाली असती, पण तोवर तिनं खेळ सोडलेला असतो. तीन सामने असतील, तर तिसऱ्या सामन्यात तरी तिला पळवता येतं.

मामा : एक करता येईल. तालुक्याच्या आधी, ऑगस्टमध्ये, जवळच्या चार शाळांनी चार शनिवार घ्यायचे. पाहुणे नाहीत, उद्घाटन नाही, ढाल नाही. संघात नसलेल्या पोरींना वेळाधिकारी, गुणलेखक, रेषेवरचे पंच करायचं. पंचांचं मानधन वाचतं आणि तुझ्या टाळ्या वाजवणाऱ्या पोरी कामाला लागतात.

ताई : नुसतं घड्याळ धरून बसायला नको. 'ब' संघ करा. दुसऱ्या बारांचाही सामना.

मामा : मैदान लागेल.

ताई : पार्किंग हलवा.

सहीचं विचाराल, तर ताईनं केली. पण सोबत शाळेला चार ओळी लिहिल्या, की रविवार आणि सोमवार मुलगी येणार नाही, गुडघा दुखला तर तिला बसवावं आणि तिला एकाही सामन्यात खेळवणार नसाल तर आधी सांगावं. मामांना शेवटची अट पटली नाही. राखीव बसणं हाही खेळाचा भाग आहे, असं त्यांचं म्हणणं. एक सामना असेल तर तो भाग नव्हे, तोच सगळा खेळ, असं ताईचं. यावर त्यांचं जमलं नाही, आणि मलाही ताईचंच बरोबर वाटतं.

दरवर्षी शाळा सुरू झाल्यावर पावसाळ्यात तालुक्यातल्या क्रीडाशिक्षकांची नियोजनाची बैठक होते. तारखा, मैदानं, सामन्यांची पद्धत तिथं ठरते. पालकांचं म्हणणं त्या बैठकीत सहसा पोचत नाही, कारण पालक शाळेत जातात ते गुणपत्रिका घ्यायला. तेव्हा यंदा जूनमध्ये वह्या-पुस्तकं घ्यायला शाळेत जाल, तेव्हा क्रीडाशिक्षकांना गाठा आणि विचारा, की आमच्या मुलांना यंदा किती सामने मिळणार? उत्तर 'एक' असेल, तर तीन मागा.